पटाची छकडी, ढेकीवर

डॉक्टरांनी सांगितलं ते फार नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदला, दिवसातून तीनदा अर्धा-अर्धा तास बसवा, नाहीतर पाठीला जखमा होतील आणि त्या जखमाच त्याला नेतील. मणका कमरेच्या वर मोडला होता. पाय परत येणार नव्हते, ते आम्ही ऐकून घेतलं होतं. पण पाय गेल्यानं माणूस मरत नाही, पडून राहिल्यानं मरतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. घरच्यांत मीच जरा शिकलेली दिसले असेन.

माझा धाकटा भाऊ शंकरपटाचा धुरकरी. ज्यांनी पट पाहिला नाही त्यांना सांगते: दोन बैल, त्यांना जुंपलेली एक हलकी लाकडी छकडी, तिच्यावर उकिडवा बसलेला एकटा माणूस आणि समोर सरळ वाट. बैल सुटले की पापणी लवते न लवते तोच खेळ संपतो. तेवढ्यासाठी हे लोक वर्षभर बैलांना पोरांपेक्षा जास्त खाऊ घालतात. पटावर बंदी होती त्या वर्षांतही त्यानं जोडी विकली नाही, गाव हसलं तरी. बंदी उठली, तो पुन्हा पळवायला लागला, आणि एका पटात छकडीचं चाक निखळून ती त्याच्या अंगावर उलटली.

मी गोंदियाजवळ कुडव्याला एकटी राहते, आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला शिकवते. लांब रजा टाकली आणि सौंदडला त्याच्या घरी येऊन राहिले. भावजय नाजूक अंगाची, एकटीनं त्याला उचलणं तिच्यानं व्हायचं नव्हतं. मला वाटलं, दोघी मिळून करू, त्यात काय आहे.

पण तो कूस बदलूच देईना. पाय गेले होते, हात तर धुरकऱ्याचेच होते ना. आम्ही जवळ गेलो की तो दोन्ही हातांनी खाटेची पाटी, म्हणजे कडेचं लाकूड, धरून ठेवायचा. आम्ही एकेक बोट सोडवायचो, तो पुन्हा धरायचा. ओरडायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. भिंतीकडे बघत एवढंच म्हणायचा, "काऊन उठवून राहिल्या मले? राहू द्या ना." चाकाची खुर्ची आणली होती, ती ओसरीत तशीच उभी होती, तिच्यावर आम्ही कपडे टाकायला लागलो होतो.

मी काही शांत बाई नाही. वर्गात पोरं मला टरकून असतात. पहिला महिना गोड बोलले, दुसरा महिना विनवण्या केल्या. तिसऱ्या महिन्यात त्याच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मरायचं असन तर एकदम मर," मी म्हणाले, "असा सडून आमच्यासमोर नको मरू." भावजय चुलीजवळ जाऊन रडली. मला माझीच लाज वाटली, पण बोललेलं परत घेता येत नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवस मी त्याच्या खोलीत गेलेच नाही म्हटलं तरी चालेल. जाऊन काय करणार होते? मला खरंच काही सुचत नव्हतं. माणूस आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच हातांतून निसटतो आहे आणि त्याला स्वतःला त्याचं काही नाही, याच्याइतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं.

मग वेल्डिंगच्या सरावाचा तो व्हीआर चष्मा आठवला. आमच्या आयटीआयत एकदा कोणीतरी दाखवायला आणला होता. डोळ्यांवर चढवला की समोर खरोखरचा जाळ, खरोखरच्या ठिणग्या. वीस वर्षं वीज शिकवणारी मी, ठिणगी अंगावर येईल म्हणून खुर्चीसकट मागे सरकले होते. पोरं खूप हसली होती. त्या दिवशी सौंदडला भाजी निवडताना माझ्या मनात आलं, जाळाच्या जागी पट ठेवला तर? खाली छकडी हलली, तोंडावर वारा आला तर? पटात झोपून राहता येत नाही. त्याला उठून बसावंच लागेल. आणि छकडी हलली की अंग सावरावं लागेल, म्हणजे डॉक्टर सांगतात तो कमरेच्या वरचा व्यायाम आपोआप होईल. मी भाजी तशीच टाकून गोंदियाला निघाले.

मोबाइल आत बसतो तसा साधा चष्मा मागवला. चारही बाजूंचं चित्र एकदम घेणारा कॅमेरा एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे होता. त्याला वाटलं एखाद्या नवरीच्या वरातीसाठी हवा असेल. मी सांगितलं, बैलाच्या छकडीवरच्या माणसाच्या डोक्यावर बांधायचा आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, गिरा तो?" मी म्हणाले, गिरा तो भर दूँगी, देते का नाही ते सांगा. माझा चेहरा बघून त्यानं दिला.

भावाचा एक जोडीदार आहे, बाजूच्या गावचा, तोही धुरकरी. त्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटवर कॅमेरा बांधून मी एक अख्खी सकाळ घेतली. बैल जुंपणं, वाटेच्या तोंडाशी नेणं, त्यांचं ते थयथयणं, आणि मग सुटणं. असे पाच पट. सगळं जोडून पंचवीस मिनिटं भरली. तो बिचारा काही विचारत नव्हता. शेवटी हेल्मेट काढून देताना एवढंच म्हणाला, "तो बसन का बाई?" मी म्हणाले, बसन. मला काहीच खात्री नव्हती.

घराच्या मागच्या पडवीत मी ते उभं करायला घेतलं. वाऱ्याचं सोपं होतं. धान उडवायचा पंखा होताच, त्याला रेग्युलेटर लावला. हलवण्याचं काही जमेना. ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी आणल्या, छकडीच्या पाटाखाली, म्हणजे बसायच्या फळीखाली, बसवल्या, वर तांदळाचं पोतं ठेवून बघितलं. एक मोटर फिरलीच नाही, दुसरीनं धूर काढला. पुन्हा आणल्या, पुन्हा जळल्या. पोरांना मी शिकवते की आधी वजन मोजा, मग मोटर निवडा, आणि स्वतः घाईत एकही गणित केलं नव्हतं. तिसऱ्यांदा मी पान्हा भिंतीवर फेकून मारला आणि खाली बसले.

भावजय दारात उभी होती. ती सहसा माझ्या कामात बोलत नाही. म्हणाली, "बाई, ढेकी आहे ना पडली कोठ्यात. एका टोकावर पाय देल्ला का दुसरं टोक उठते."

ढेकी म्हणजे धान कांडायचं जुनं लाकूड. माणसापेक्षा लांब, मधे आडवा आस, शेपटीवर पाय दाबला की तोंड वर जातं, पाय सोडला की आदळतं. गिरण्या आल्यापासून तिच्यावर कोंबड्या बसायच्या. आम्ही दोघींनी ती ओढत आणली, धुतली, तोंडाकडच्या मुसळाची जागा रिकामी करून तिथं भावाच्याच छकडीचा पाट बोल्टांनी कसला. आदळू नये म्हणून खाली जुने टायर. छातीला बांधायला गाडीचा पट्टा. आणि पाटावर जाड गादी, डॉक्टरांनी दिलेली, हवा भरायची. भावजयीनं शेपटीवर पाय दिला तेव्हा पाट असा काही उसळला की वर बसलेली मी ओरडलेच. भावजय हसली. चार महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

आता त्याला बसवायचं कसं? मी जाऊन समजावलं. तो भिंतीकडे. मी म्हटलं, एकदाच बघ. भिंतीकडे. मी म्हटलं, तुझ्या बायकोनं ढेकी ओढली आहे, लाज वाटू दे जरा. भिंतीकडेच. पाटी घट्ट धरलेली. मी हात टेकले. बाहेर येऊन पडवीत बसले आणि मोबाइलवर आवाज मोठा करून ते चित्रण आपलं नुसतंच लावलं. सगळं संपलं असं वाटत होतं, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून लावलं.

आतून आवाज आला, "डावा मांगं राहून राहिला." नुसत्या खुरांच्या आवाजावरून त्यानं ओळखलं होतं.

मी उठलेच नाही. चुकून हलले तर गप्प होईल असं वाटलं.

"कोन हाकून राहिला? त्याले समजत नाई का? डाव्याले आवाज दे म्हनाव."

मी म्हणाले, "मले काय समजते त्यातलं. तूच पाह्य आन् सांग."

मग तो म्हणाला, "आन इकडं." मी म्हटलं, तिकडं येत नाही ते, तुलाच इकडं यावं लागतं. आणि त्यानं पाटी सोडली. त्याला चूक काढायची होती, बाकी काही नाही. आम्ही दोघींनी त्याला खांद्यांवर घेऊन पडवीत नेलं, पाटावर बसवलं, छातीला पट्टा लावला. चार महिन्यांनी तो ताठ बसला होता. चक्कर आली त्याला, घाम आला, पण "थांबू का" विचारल्यावर मान हलवली.

मग त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. मी दुसऱ्या मोबाइलवर तेच चित्रण घेऊन रेग्युलेटरशी उभी. भावजय शेपटीवर. एक, दोन, तीन म्हणून दोन्ही एकदम सुरू केले. बैल सुटले तसं मी "आता" म्हणाले, तिनं पाय मारायला सुरुवात केली, मी वारा सोडला. त्याचे खांदे पुढे झुकले. हात समोर गेले, रिकामेच, शेपट्या धरायला. आणि त्यानं आवाज दिला. बैलांना देतात तो, पोटातून येणारा. मला तो आवाज आता या घरात ऐकू येणार नाही असंच वाटत होतं.

चष्मा काढल्यावर पहिलं वाक्य काय, तर "हवा असी समोरून नाई लागत बाई. बैलायच्या मधातून लागते, खालून, छातीले." दुसऱ्या दिवशी पंखा खाली घेतला. मग म्हणाला, धूळ नाही. मग मी वाऱ्यात मूठमूठ कोंडा सोडायला लागले, सगळ्यांचे डोळे लाल. मग म्हणाला, पाट खूप सावकाश खाली येते, टायर काढा एक. काढला. तो रोज जेवणाच्या आधी विचारायचा, कधी बसवता म्हणून. दोन वेळा भात मागून घ्यायचा. अर्धा तास झाला की मी म्हणायचे, पुरे. तो म्हणायचा, "पुन्हा लाव." मी लावायचे.

तिसऱ्या दिवशी त्यानं खालची गादी चाचपली. "हे काय टाकलं? पटाच्या छकडीवर गादी असते का? गादीवर नवरदेव बसते. काहाड ते."

आणि मी काढली. हे मला आजही कोणाला सांगताना तोंड वर करता येत नाही. पटाच्या छकडीवर गादी घालून बसलेला धुरकरी आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही, हसतील लोक. फार तर मूठभर तणीस, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा, तेवढंच. मलाही ते पटलं. हे खरं वाटायला हवं होतं ना, आणि गादी तेवढी खोटी होती. मी स्वतः जाऊन चांगलं कोरडं तणीस आणलं, पाटावर पसरलं, वर एक पातळ गोणपाट टाकलं. तो बसला आणि म्हणाला, "हां. आता छकडी झाली." त्या दिवशी तो दोन तास बसला. पुढचे चार दिवसही तसाच, सकाळी दोन तास, दुपारी दोन तास.

आठव्या दिवशी सकाळी भावजय त्याचं अंग पुसत होती. तिनं मला हाक मारली, "बाई, इकडं या." मी गेले. चादरीवर रक्त होतं. दोन्ही बाजूंना, बसायच्या हाडांवर कातडी राहिली नव्हती. एका ठिकाणी काळं पडलं होतं आणि त्यात तणसाचं एक बोटभर टोक रुतलेलं होतं. तो विचारत होता, "काय झालं? दोघीबी काऊन चूप आहा?" त्याला काहीच कळलं नव्हतं. कमरेखालचं त्याला कळणारच नव्हतं. चार-पाच दिवस ते टोक त्याच्या मांसात होतं आणि तो बैलांना आवाज देत होता.

गोंदियाच्या दवाखान्यात नेलं तोवर ताप चढला होता. तिथले डॉक्टर जखम बघून माझ्याकडे वळले. "इनको तो पता नहीं चलेगा. आप लोगों ने भी नहीं देखा?" आधी तो कूस बदलू देत नव्हता तेव्हा आम्ही रोज त्याची पाठ बघायचो. तो हसायला-खायला लागला आणि आम्ही बघणं सोडलं. त्यांनी काळं झालेलं सगळं कापून काढलं. हाडापर्यंत गेलं होतं. ताप नऊ दिवस उतरला नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहायचे. मी त्याला म्हटलं होतं, एकदम मर. माझ्याच हातानं मी त्याला तिथवर आणला होता. भावजय एका शब्दानं मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला कोणाचंतरी ऐकून घ्यायचं होतं.

तो जगला. घरी आणला तेव्हा अर्धा झाला होता. जखम भरेपर्यंत पाठीवर नाही, बसायचं तर नावच नाही. पालथं किंवा कुशीवर, आणि दर दोन तासांनी बदल, एकही चुकवायचा नाही. डॉक्टरांनी माझ्यासमोर बोट नाचवून सांगितलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता. मला वाटलं, आता हा पुन्हा पाटी धरणार आणि या वेळी आपल्या अंगात ती बोटं सोडवायचं बळ नाही.

घरी आल्या दिवशी दुपारी मी कुऱ्हाड घेऊन पडवीत गेले. पहिला घाव छकडीच्या पाटावर घातला, दुसरा घातला. पडवीच्या भिंतीपलीकडेच त्याची खाट होती.

"काय करून राहिली?"

"तोडून राहिली."

"काऊन?"

"तुले खाल्लं यानं." मी रडत होते, ते त्याला ऐकू येत असणार. "मी खाल्लं तुले. गादी काहाडली मी."

"मी काहाड म्हनलं."

"तू म्हनशील. माह्या ध्यानात नाई राहिलं का?"

मग म्हणाला, "बाई, गादी काहाडली तवा तुले याद होती का, मले खाली समजत नाई मनून?"

मी खरं ते सांगितलं. "नाई."

"मलेबी नाई. पडल्यापासून तेवढेच दिवस मले याद नोती." आणि चिडून, "कुऱ्हाड ठेव खाली. पाट मोडला तर दुसरा बनवाव लागन. जखम कधी भरन मनते डॉक्टर?"

"तीन महिने," मी म्हणाले. "कूस बदलली तर." कुऱ्हाड तिथंच टाकून मी आत आले. आम्ही दोघींनी त्याला डाव्या कुशीवर केला. त्यानं पाटी धरली नाही, पण अंगात त्राण नव्हतं, म्हणून मी त्याचा काही अर्थ लावला नाही. संध्याकाळभर मी त्याच्या हातांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. मी आणि भावजय ओसरीत भिंतीला टेकून बसलो होतो. दवाखान्यातले इतके दिवस धड झोप नव्हती. दोघींचेही डोळे मिटले असावेत. आतून आवाज आला तेव्हा मी दचकून उठले, जखम फुटली की काय म्हणून.

"दोन वाजून दहा मिनटं होऊन राहिले," तो ओरडत होता. पोटातून, बैलांना देतात त्याच आवाजात. "कूस कोन बदलन? घड्याळ समजत नाई का तुमाले? दहा मिनटं!"

आम्ही धावत गेलो. त्यानं एक हात खाटेबाहेर काढून आमच्याकडे लांब धरला होता.